ओल्या कोपऱ्यातलं बटनबुश

मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉयच्या घरी गॅरेजच्या उजव्या अंगाला एक खोलगट कोपरा आहे. बर्फ वितळला की तिथे पाणी साचतं, आणि उन्हाळ्यात मोठा पाऊस झाला की पुन्हा साचतं. घर घेतल्यापासून मी त्या कोपऱ्यात गवत धरावं म्हणून धडपडत आलो. माती टाकली, बी पेरलं, तयार हिरवळीचे गुंडाळे आणून अंथरले. जून उजाडेपर्यंत सगळं पिवळं पडायचं. मुलगी लहान होती तेव्हा तिथे बेडूक शोधायला जायची आणि चिखलाच्या बुटांनी थेट किचनमध्ये यायची. त्या कोपऱ्याचा एवढाच काय तो उपयोग.

ही मुलगी आता पस्तिशीला आली आहे. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर राहते आणि तिथल्या काउंटीत पावसाच्या पाण्याचं काम करते. म्हणजे रस्त्यावरचं, पार्किंगचं, छपरांवरचं पाणी कुठून कुठे जावं ते ठरवायचं. ती दिवाळीला येते, थँक्सगिव्हिंगला येते, आईच्या वाढदिवसाला येते. बाकी फोन. याबद्दल माझी तक्रार नव्हती, सगळ्यांच्याच मुलांचं असं असतं.

मी निवृत्त झाल्यानंतरच्या तिसऱ्या वसंतात ती अचानक दर शनिवारी यायला लागली.

पहिल्या शनिवारी मला आनंद झाला. दुसऱ्या शनिवारी मी पोहे केले. तिसऱ्या शनिवारी मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याला कारण होतं. मी जन्मभर गाड्यांच्या ब्रेकसाठी सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत जाऊन दोष शोधण्याचं काम केलं आहे. मिशिगन, ओहायो, इंडियाना, सगळीकडे हिंडलो. त्या कामाने एक गोष्ट मला शिकवली. जो मॅनेजर दारातच हसून कॉफी विचारतो, त्याच्या गोदामात काहीतरी झाकलेलं असतं. ज्याच्याकडे सगळं ठीक असतं तो माणूस तुमच्याकडे धड बघतसुद्धा नाही. आमची मुलगी त्या दिवसांत दारातच हसत होती. "हाय बाबा! यू लुक ग्रेट!" मी दिवसभर घरात घालायच्या जुन्या स्वेटरमध्ये होतो.

त्या तिसऱ्या शनिवारी तिने गाडीतून दोरीचं बंडल काढलं. गॅरेजच्या कोपऱ्यापासून शेजाऱ्यांच्या कुंपणापर्यंत दोरी ताणली, तिच्यावर छोटी पाणसळ अडकवली आणि गुडघ्यावर बसून टेपने जमिनीपासूनची उंची मोजायला लागली. मध्येच फोटो काढत होती. मी खिडकीतून बघत राहिलो. मग बाहेर गेलो.

"काय चाललंय?"

"नथिंग, बाबा. जस्ट चेकिंग द स्लोप."

"उतार? कशाला?"

"सांगते ना नंतर." आणि लगेच, दुसरीकडे बघत, "बाबा, आपलं रूफ कधी बदललं होतं? आणि फर्नेस? तो ओरिजिनलच आहे का?"

जमिनीचा उतार, छपराचं वय आणि घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचं वय हे तीन प्रश्न एकाच माणसाने एकाच दमात विचारले, तर त्याचा अर्थ काय होतो? आम्ही हे घर घेतलं तेव्हा मी स्वतः हेच प्रश्न विचारले होते.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला सुरुवात केली. मला असं दिसलं की मुलगी आली की बायको मला खाली बेसमेंटमध्ये पाठवते. आमचं वॉशिंग मशीन आणि ड्रायर खाली आहे. "अहो, कपडे वाळले असतील, घड्या करून आणता का? तेवढाच व्यायाम होईल तुम्हाला." पूर्वी कपड्यांना हात लावलेला तिला चालायचा नाही. माझ्या घड्या तिला पसंत नसत. आता ती स्वतः खाली उतरतच नव्हती. मी खाली गेलो की वर डायनिंग टेबलापाशी दोघींचं हळू आवाजात बोलणं सुरू व्हायचं. मी जिन्यावर पाय वाजवत आलो की बोलणं थांबायचं. न वाजवता आलो तरी थांबायचं, कारण आमचा जिना करकरतो. मुलगी फोन उलटा करून टेबलावर ठेवायची आणि बायको म्हणायची, "झाल्या घड्या? चहा टाकते."

मग पातेली गेली. ट्रॉयमधल्या मराठी लोकांच्या गणपतीला आमच्याकडे अनेक वर्षं मसालेभात शिजायचा. त्याची दोन थोरली पातेली आणि झारे बेसमेंटच्या फळीवर होते. एक दिवस फळी रिकामी. बायकोने ती सगळी एका तरुण जोडप्याला देऊन टाकली होती. ती दोघं नागपूरहून नवीनच आली होती आणि आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमाचं जेवण करणार होती.

"परत आणून देणार आहेत ना?" मी विचारलं.

"कशाला परत? त्यांना लागतील दर वर्षी. मला आता ती उचलतात का?"

ती हे म्हणाली तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती मटार सोलत होती आणि तिने मान वर केली नाही. घर रिकामं करायला सुरुवात झाली आहे, असं मी मनाशी म्हणालो.

दुसऱ्या राज्यात, आयसेलिनला माझा कॉलेजपासूनचा मित्र राहतो. रविवारी आम्ही फोनवर बोलतो. त्याला मी हे सगळं सांगितलं, अर्थात हसत हसत, जसं काही मला त्यात काही वाटत नाही. तो हसला नाही.

"झाडं लावली का तिने?"

"झाडं?"

"अरे यार, आमच्याकडे असंच झालं. मुलगा आला, पुढचं दार नवीन रंगवलं, मग सुनेने घरासमोर फुलझाडं लावली. आम्ही म्हटलं वा वा, किती प्रेम आहे पोरांना घराचं. कर्ब अपील म्हणतात त्याला. घर रस्त्यावरून छान दिसलं की गिऱ्हाईक येतं. उन्हाळा संपायच्या आत घर गेलं आणि आम्ही दोघं त्यांच्या वरच्या मजल्यावर. वाईट काही नाही रे, खोली मोठी आहे. पण माझी हत्यारं, माझं वर्कबेंच, सगळं गेलं. मुलांनी झाडं लावायला घेतली की समज."

पुढच्या शनिवारी मुलगी आली ती गाडीच्या मागच्या सीटवर एक कुंडी आडवी टाकून. कुंडीत कमरेएवढ्या उंचीच्या काड्यांचा जुडगा होता. एकही पान नाही. सालीवर फिकट ठिपके, आणि फांद्यांच्या टोकाला मागच्या वर्षीच्या वाळक्या गोळ्या, मिरीच्या दाण्याहून मोठ्या, काळ्या पडलेल्या.

"हे काय?"

"बटनबुश!" ती म्हणाली. "इट्स अ नेटिव्ह श्रब, बाबा. इथलंच आहे. नदीकाठी, तळ्याकाठी असतं. पाण्यात पाय बुडवून उभं राहायला आवडतं त्याला. आपल्या त्या कोपऱ्यासाठी परफेक्ट."

"त्या कोपऱ्यात लॉन करायचं आहे मला."

"बाबा, तुम्ही मी तिसरीत असल्यापासून तिथे लॉन करताय."

ते खरं होतं. तिने दिवसभर खणलं. नुसता खड्डा नाही, थाळीसारखा पसरट, उथळ असा भाग खणला, त्यात वाळू आणि कंपोस्ट मिसळलं, आणि छपरावरचं पाणी जमिनीवर सोडणाऱ्या पाइपचं तोंड गाडी आत आणायच्या ड्राइव्हवेकडून फिरवून त्या थाळीकडे केलं. मधोमध ती काड्यांची जुडी लावली. मी फावडं धरायला गेलो नाही. गॅरेजमध्ये उभा राहून जुने डबे लावण्याचं नाटक करत होतो. मला एकच गोष्ट समजत नव्हती. कर्ब अपीलसाठी झाड लावायचं तर लोक ट्यूलिप लावतात, गुलाब लावतात. या वाळक्या काड्या कोणत्या गिऱ्हाइकाला आवडणार? मग वाटलं, कोपरा ओला दिसू नये म्हणून. घर बघायला येणारा माणूस पहिल्यांदा बेसमेंट ओलं आहे का ते बघतो आणि मग घराभोवती पाणी कुठे साचतं ते. तिच्याहून जास्त हे कुणाला माहीत असणार? तिचा धंदाच तो.

मे महिन्यात ती एका बाईला घेऊन आली. बाई चाळिशीची, गोरी, पायात चांगले महागातले बूट. दारात आल्याबरोबर तिने ते काढले, आणि आमच्या घरात बूट काढायचे हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. म्हणजे आधी बोलणं झालेलं होतं.

"बाबा, ही माझी फ्रेंड."

मैत्रीण म्हणून आलेल्या बाईने चहा घेतला नाही. वरच्या मजल्यावर गेली. मुलीच्या जुन्या खोलीतलं कपाट उघडून आतल्या भिंतीवर बोटाने टकटक केलं, कान लावला. हॉलमधल्या बाथरूममध्ये वाकून सिंकखाली बघितलं. खाली बेसमेंटमध्ये जाऊन छताकडे टॉर्च मारला. जाताना मला म्हणाली, "यू हॅव अ लव्हली होम." घरांच्या एजंट बायका काय म्हणतात ते मला माहीत आहे. हे घर घेताना आम्हीसुद्धा हेच ऐकलं होतं.

त्या रात्री जेवताना मी बायकोला सहज म्हणून विचारलं, "ती बाई काय करते?"

"कोण जाणे. मी कशाला विचारू?" ती म्हणाली आणि मला न विचारता आमटी वाढली. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती. ही बाई दुकानातल्या मुलीला तिच्या नवऱ्याची नोकरी विचारते. आणि घरात शिरून कपाटं ठोकणाऱ्या बाईबद्दल हिला काहीच माहीत नाही?

मला राग येत होता, पण त्याहून जास्त एक विचित्र गोष्ट होत होती. मी माझ्याच घरात पाहुण्यासारखा वागायला लागलो होतो. दिवा लावताना वाटायचं, हे बटण आपल्याला अजून किती दिवस. कपाटाची एक बिजागरी सैल झाली होती, ती मी दुरुस्त केली नाही. ज्याला घ्यायचं असेल तो बघेल. मित्राच्या वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीचा विचार मनात यायचा. आणि आमची मुलगी तर अपार्टमेंटमध्ये राहते. तिच्याकडे वरचा मजलाही नाही.

मे संपत आला. शेजाऱ्यांचा लायलॅक फुलून त्याचा वास आमच्या अंगणापर्यंत येत होता. रस्त्यावरच्या मेपलना पानं आली, कुंपणाजवळच्या साध्या झुडपांनाही आली. आमच्या बटनबुशवर काही नाही. नुसत्या काड्या.

"मेलंय ते," मी फोनवर मुलीला सांगितलं.

"नाही बाबा, इट वेक्स अप लेट. वेट करा."

थांबा. कामाच्या दिवसांत हा शब्द मी प्रत्येक लबाड कारखानदाराकडून ऐकला होता. पुढच्या खेपेला बघा, पुढच्या आठवड्यात बघा. मला खात्री पटली की झाड मेलेलंच आहे, तिलाही ते माहीत आहे आणि तिला त्याचं काही नाही, कारण ते जगण्यासाठी लावलेलंच नव्हतं. कोपरा भरला, पाणी वळवलं, काम झालं.

मेअखेरच्या सुट्टीच्या लांब वीकएंडला, सोमवारी सकाळी मी गॅरेजमधून फावडं घेतलं आणि कोपऱ्यात गेलो. झाड उपटणार, खड्डा बुजवणार, वर बी पेरणार. घर माझ्या नावावर असेपर्यंत कोपरा माझा. फावड्याचं पातं मातीत घातलं आणि त्यावर पाय देणार तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला.

"त्याला हात लावू नका!"

एवढ्या मोठ्याने ती ओरडलेली मी बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती. मागे बघितलं. ती घरातल्या चपला घालूनच गॅरेजमधून येत होती, गाडीच्या बॉनेटवर हात टेकत, मग आरशाला धरून, मग दारावर हात ठेवून. ड्राइव्हवेच्या कडेला आली आणि तिथेच थांबली. पुढे आली नाही.

"मेलंय अगं ते."

"मेलं असलं तरी असू दे."

माझ्याने राहवलं नाही. "घर विकायचंय ना तुम्हाला? सरळ सांगा की. मी काय लहान मूल आहे? छप्पर कधी बदललं, फर्नेस कधीचा, पातेली वाटून टाकली, ती एजंट बाई येऊन कपाटं ठोकून गेली. तुला वाटतं मला दिसत नाही?"

तिने गॅरेजमधली बागेत बसायची घडीची खुर्ची ओढून घेतली आणि बसली.

"ती एजंट नाही," ती म्हणाली. "आणि मुलीला नाही विकायचंय. मला विकायचंय."

मी फावडं हातात धरून उभा होतो. हे उत्तर माझ्या कुठल्याही हिशेबात नव्हतं.

"मी जानेवारीत पडले," ती म्हणाली. "इथेच. तुम्ही जिमला गेला होतात आणि मी कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत न्यायला निघाले. या कोपऱ्यातलं पाणी ड्राइव्हवेवर येऊन गोठलं होतं, वर ताजा बर्फ, काही दिसलं नाही. डबा सुटला, मी गेले. उठता येईना. मग बसल्या बसल्या सरकत गॅरेजपर्यंत आले आणि गाडीच्या दाराला धरून उठले. गुडघा तेव्हापासून धरतोय."

"तू तर म्हणालीस तांदळाची पिशवी उचलताना कमरेत उसण भरली."

"म्हटलं."

"का?"

"कारण खरं सांगितलं असतं तर तुम्ही तपास सुरू केला असता. कुठले बूट घातले होतेस. बर्फ वितळायला मीठ का टाकलं नाहीस. फोन खिशात का नव्हता. मला एक तर दुखत होतं, वर त्याची उत्तरं कोण देणार?"

माझ्या जिभेवर खरोखरच बुटांचा प्रश्न आला होता.

मग तिने सगळं सांगितलं. मुलीला तिने पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी फोन केला होता. सांगितलं होतं की मला आता हे घर झेपत नाही, बेसमेंटचा जिना नको, हा बर्फ नको, माझ्या बहिणीसारखं तिकडे दक्षिणेत कॅरीला जाऊन एकमजली घरात राहावंसं वाटतं. तू जरा बघ, या घराचे किती येतील, छप्पर-फर्नेसमुळे किती कापतील. बाबांना आत्ता काही बोलू नकोस. मुलीने एका एजंटला फोन केला होता, तेवढं माझं बरोबर निघालं. पण नंतर तीच आईला म्हणाली होती, घाई नको करू. आधी ते पाणी थांबवू. मशीन वर आणता येतं का बघू. मग ठरव. महागड्या बुटांची बाई प्लंबिंगचं काम घेणारी होती. मुलीच्या जुन्या खोलीतल्या कपाटात वॉशिंग मशीन बसेल का, पाण्याचा पाइप तिथपर्यंत नेता येईल का, ते बघायला आली होती.

"तिला घर ठेवायचंय," बायको म्हणाली. "मला म्हणते, आई, माझे बेडूक आहेत तिथे. पस्तीस वर्षांची बाई."

मी विचारलं, "आणि तुला अजून विकायचंय?"

"ते मला अजून कळलं नाही," ती म्हणाली. "फावडं ठेवा आधी."

फावडं ठेवलं. ती आत गेल्यावर मी झाडाजवळ उकिडवा बसलो. एका काडीची साल नखाने थोडी खरवडली. आत ओली, हिरवीगार रेघ निघाली. दुसरी काडी खरवडली, तीही तशीच. मग बुंध्याजवळ बोटाने माती चाचपली. ती गार आणि ओली होती, आणि ड्राइव्हवेची कड कोरडी होती. दोन दिवसांपूर्वी चांगला पाऊस होऊन गेला होता.

पुढच्या शनिवारी मुलगी आली तेव्हा दारात हसली नाही. बूट काढताना खाली बघत म्हणाली, "आईने सांगितलं ना तुम्हाला. आय ॲम सॉरी, बाबा. मला लपवायचं नव्हतं. पण तिने प्रॉमिस घेतलं होतं."

"एजंटला फोन केलास ते तरी मला सांगायचं."

"आय नो."

"किती म्हणाली ती?"

तिने मान वर केली आणि पहिल्यांदा खरं हसली. "बाबा!"

आकडा तिने सांगितला नाही. अजूनही सांगितलेला नाही. तो चांगला होता म्हणून सांगत नाही की वाईट होता म्हणून, ते मला कळायला मार्ग नाही. त्या दिवशी मात्र मी तिच्याबरोबर बाहेर गेलो. दोरीचं दुसरं टोक धरलं. तिने पाणसळ लावली, आणि थाळीचा एक काठ थोडा उंच राहिला होता तो आम्ही दोघांनी मिळून खाली केला. काम करता करता तिने मला दाखवलं की पाणी आलं तर कुठून शिरेल, किती वेळ थांबेल आणि कुठून जमिनीत जिरेल. तिच्या ऑफिसच्या कामाबद्दल मी तिला याआधी कधी इतकं विचारलं नव्हतं.

जून लागला आणि काड्यांच्या पेरापेरांतून तांबूस, चकचकीत कोंब आले. आठवड्याभरात पानं हाताएवढी झाली. जुलैत फुलं आली. फूल म्हणजे पाकळ्या-बिकळ्या काही नाही, पांढरा गोल चेंडू, लिंबापेक्षा लहान, आणि सगळ्या बाजूंनी टाचण्या टोचाव्यात तसे बारीक केसर बाहेर आलेले. मधासारखा वास. त्यावर मधमाश्या आणि मोठमोठी पिवळी फुलपाखरं. एक फुलपाखरू एका चेंडूवरून उठलं की दुसरं त्याच्या जागी बसायला तयार.

बायको सकाळचा चहा घेऊन गॅरेजच्या दाराशी बसली होती. ती कप बाजूला ठेवून उठली, माझ्या खांद्याला धरून झाडापर्यंत आली आणि एक फांदी खाली वाकवली.

"अहो, हा तर कदंब!"

अकोल्याला तिच्या शाळेच्या आवारात कदंबाचं झाड होतं. ते फूल पिवळं, मोठं, लाडवाएवढं. मुली ते केसात खोवायच्या आणि ते जड असल्यामुळे घसरून पडायचं. हे पांढरं आणि छोटं. पण घडण तीच. तिने लगेच मुलीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन फुलाच्या इतका जवळ नेला की पलीकडे नुसतं पांढरं दिसत असणार.

मुलगी म्हणाली, "आई, दे आर ॲक्च्युअली रिलेटेड. दोघंही एकाच फॅमिलीतले, कॉफीच्या."

"खरं सांगतेस?" बायकोने विचारलं. आणि मी शेजारून म्हणालो, "तपासून बघ." मुलीने डोळे फिरवले, पण तपासून बघितलं आणि सांगितलं की खरं आहे.

ऑगस्टमध्ये मशीन वर आलं. मुलीच्या कपाटात ते अगदी घट्ट बसलं. महागड्या बुटांच्या त्या बाईने काम चोख केलं, आणि मी तिच्या मागे उभा राहून प्रत्येक जोड बघितला तरी तिने तक्रार केली नाही. त्या वर्षीच्या हिवाळ्यात ड्राइव्हवेच्या कडेला बर्फाचा थर धरला नाही. मुलगी म्हणाली, बघा, झाडाने पाणी प्यायलं. मी मान हलवली. पण खरं सांगायचं तर तो हिवाळा मुळातच सौम्य गेला होता, आणि पानं गळलेलं झाड जानेवारीत किती पाणी पिणार? श्रेय झाडापेक्षा थाळीचं आणि वळवलेल्या पाइपचं असावं असं मला वाटतं. एका हिवाळ्यावरून मी निकाल देत नाही. आणखी एक कडक हिवाळा जाऊ दे, मग बोलू.

फेब्रुवारीत बायको बहिणीकडे कॅरीला गेली. एकटी. "थोडे दिवस राहून बघते," म्हणाली. मी तिला विमानतळावर सोडलं आणि परत येताना मनात परत तेच सुरू झालं. राहून बघते म्हणजे काय? बहिणीने काही बघून ठेवलं आहे का? तिकीट परतीचं आहे, पण तारीख बदलता येते.

आठवड्याभराने फोनवर एक फोटो आला. आम्हा तिघांच्या ग्रुपवर, मुलीलाही आणि मलाही एकदमच. कॅरीतलं एक विटांचं घर, एकमजली, पुढे क्रेप मर्टलची दोन झाडं. खाली बायकोचा मेसेज: "हे आज बघितलं. बहिणीच्या घरापासून जवळ. एकही पायरी नाही."

मुलीने नुसता एक बदाम पाठवला. तिला वाईट वाटलं की बरं वाटलं ते त्यावरून कळेना. मी फोटो बोटांनी मोठा केला. छप्पर ठीक दिसत होतं. छपराच्या कडेची पन्हळ एका टोकाला जरा खाली आलेली. पुढच्या खोलीच्या खिडकीखाली विटांवर एक काळपट पट्टा होता, वरपासून खालपर्यंत, सावली नव्हे.

मी लगेच फोन लावला.

"त्या खिडकीखाली डाग आहे," मी म्हणालो. "पाणी झिरपतंय तिथून. आत भिंतीला हात लावून बघितलास का?"

"नाही लावला."

"मग कशाला गेलीस बघायला? एजंट काय म्हणाली त्याबद्दल?"

"ती म्हणाली, लव्हली होम," बायको म्हणाली. पलीकडे तिची बहीण हसत असल्याचा आवाज आला. "अहो, मला दिसला होता तो डाग. म्हणूनच तर तुम्हाला फोटो पाठवला. मला यातलं कळत नाही. तुम्ही येऊन बघा."

मी तिला म्हणालो की विचार करतो. फोन ठेवला आणि डेट्रॉइटहून कुठल्या फ्लाइट आहेत ते बघायला बसलो. टॉर्च चेक-इन बॅगेत टाकावा लागतो की हातात नेता येतो, हे मुलीला विचारून घेतलं.